दरेकशाचा उतार

१

पोळ्याच्या दिवशी भल्या सकाळी दुर्गेश रहांगडाले दरेकशाच्या उतारावरून सायकलसकट खाली कोसळला, आणि बैलांचा पोळा भरायच्या आत अख्ख्या तालुक्याने गुन्हेगार ठरवून टाकला. आमच्याकडे निकाल आधी लागतो, तपास मागाहून रांगत येतो. पोलिसखात्यात जन्म घालवला तरी या गोष्टीचा माझा संताप काही गेला नाही. आता तर तो काढायला हाताखाली शिपाईही उरले नाहीत.

दुर्गेश म्हणजे आमच्या सालेकसा भागाचं कौतुक. धानाच्या बांध्यांमधल्या कोसमटोल्याचा हा मुलगा सायकलच्या शर्यतींवर पोट भरतो, हेच लोकांना बरीच वर्षं खरं वाटत नव्हतं. ‘सायकल चालवाचा पगार भेटते?’ असं त्याच्या बापाला पानठेल्यावर विचारायचे. भेटायचा. आधी राज्याच्या, मग देशाच्या शर्यती झाल्या. मग तो परदेशी संघांत गेला, पण राबता गडी म्हणून. संघातल्या मोठ्या खेळाडूसाठी वारा आपल्या छातीवर घ्यायचा, मागच्या गाडीतून त्याला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, आणि शेवटच्या चढावर आपला दम संपला की गुपचूप मागे पडायचं. पेपरात नाव दुसऱ्याचं. असा झिजून झिजून यंदा तो बेल्जियमच्या एका संघाच्या नजरेत भरला होता. करार झाला होता, दिवाळीनंतर निघायचं होतं.

आता तो नागपूरला दवाखान्यात पडला होता. खुब्याचा चुरा झाला होता. काठी घेऊन चालेल, सायकलचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आणि ठाण्यात बसवून ठेवला होता गुड्डू पटले. हा दुर्गेशचा लहानपणापासूनचा जोडीदार, त्याच्या सायकलचा मिस्त्री. सरावाला त्याच्यापुढे मोटारसायकल चालवून त्याचा वेग वाढवणाराही हाच. सायकलच्या ब्रेकवर तेल सापडलं होतं, आणि सायकलला शेवटचा हात गुड्डूचाच लागला होता. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभा करून जीव घेण्याच्या प्रयत्नाचं कलम लावणार, हे ठरलं होतं. गावातली पोरं त्याचं दुकान पेटवायच्या गोष्टी करत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गेशचे वडील बकाराम माझ्या ओसरीवर येऊन बसले. रात्रभर झोपले नसावेत. चहा दिला तो हातातच थंड झाला.

"बाई, तुम्ही फौजदार होत्या. तुमच्यापुढं भलेभले बोलले," ते म्हणाले. "गुड्डू कबूल करून नाई राहिला. माझ्या घरी जेवला हो तो पोरगा. त्याच्या तोंडून काढा, काऊन केलं म्हून. बाकी मले काही नाई पायजे."

"आणि त्याने केलं नसेल तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"तर ज्यानं केलं त्याचं नाव सांगा. पण सांगा. कोनी बी असो, त्याच्यावर दया करजा नोका."

मी शब्द दिला.

२

ठाणेदार मनिराम टेंभरे एके काळी माझ्या हाताखाली होता, त्यामुळे मला पाहून अजूनही उभा राहतो आणि उभा राहिल्याचं त्याला वाईटही वाटतं.

"मॅडम, केस सरळ आहे," तो म्हणाला. "गुड्डूच्या पिशवीत साखळीच्या तेलाची बाटली. ब्रेक तेलकट. दुर्गेश कायमचा परदेशी गेला की गुड्डूला कोण विचारणार? जळला माणूस."

"मिस्त्रीच्या पिशवीत तेल नाही तर काय अत्तर असेल? दुर्गेश काय म्हणतो?"

"काही आठवत नाही म्हणतो. गुड्डूवर संशय आहे का विचारलं, तर तोंड फिरवून पडला. नाही म्हणाला नाही." मनिरामने बोट वर केलं. "हे लक्षात घ्या. नाही म्हणाला नाही."

ते मी लक्षात घेतलं.

सायकल मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवली होती. पुढचं चाक वाकलं होतं, पण चाकाच्या मधोमध असलेली ब्रेकची पोलादी चकती शाबूत होती. आजकालच्या सायकलींना ही चकती असते, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे गुटके. मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले. भिंतीच्या फटीतून निघालेली लाल मुंग्यांची ओळ चाकावर चढत होती आणि बरोबर त्या चकतीपाशी गोळा होत होती. साखळीवर एक मुंगी नव्हती. मी गुटक्याला रुमाल लावला आणि घडी करून ठेवून दिला.

गुड्डू कोपऱ्यात उकिडवा बसला होता. ओठ फुटलेला होता. मी मनिरामकडे पाहिलं, तर तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"सायकल केव्हा धुतली?"

"आदल्या दिवशी, दिवस बुडाच्या आधी. ब्रेक मी सोता दाबून पाहिला बाई. पक्का होता. मंग सायकल गोठ्यात लावली आन् घरी गेलो."

"सकाळी पाहिला नाहीस?"

"नाई पाहिला." त्याने मान खाली घातली. "अंधार होता. दुर्गेशनं सायकल काढली, मी मोटारसायकल. मी पुढं, तो माझ्या मागं चिकटून. सपाट रस्ता, ब्रेक दाबाचं कामच नाई पडलं. फाटकाजवळ जरासा दाबला त्यानं, मले म्हणे, गुळगुळीत लागून राहिला बे. मी म्हटलं, काल धुतली ना, ओल असंल. तेवढंच बोललो. तेवढंच चुकलो."

"मग उतार."

"उतारावर तो नेहमी मले मागं टाकते. मागं टाकून गेला. वळणावर मी पोचलो तं रस्त्यावर कोनी नोहतं. खाली उतरलो. शुद्धीत होता थोडा. काहीतरी भलतंच बोलून राहिला होता. म्हणे, तूप कढून राहिलं घरी. दोनदा म्हणे. मंग मले पाहून रडाले लागला."

तोवर मी बऱ्याच जखमी माणसांची बडबड ऐकली होती. कोणी आईला हाक मारतं, कोणी पाणी मागतं. तुपाचं नाव काढणारा हा पहिलाच.

"गुड्डू, तेल तू लावलंस का?"

त्याने वर पाहिलं. "बाई, तो शर्यत जिंकला का माह्या बापानं गावात पेढे वाटले. त्याले पाडून मी काय खाऊ?"

तेवढ्यात बाहेर गेलेला मनिराम घाईघाईने परत आला. बाहेर ओमेश तुरकर जबाब द्यायला आला होता, आणि त्याला ठाणेदारापुढे नव्हे, माझ्यापुढेच बोलायचं होतं.

३

ओमेश गोंदियाचा. त्याच शर्यतींतला, दुर्गेशपेक्षा थोडा कमी. दुर्गेश जायला असमर्थ ठरला तर बेल्जियमच्या संघात त्याची जागा ओमेशला मिळणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बहुतेक म्हणूनच तो घामाने निथळत होता.

"मॅडम, मी पोळ्याच्या आदल्या शामला कोसमटोल्यात होतो. बधाई द्यायला गेलो होतो. सच बोलून राहिलो. पण कोणाला बोललो नाही, कारण बोललो की मीच फसलो."

"मग आता का बोलतोस?"

"गुड्डूला मारलं म्हणे." तो ओशाळला. "आमची दुश्मनी रोडवर असते मॅडम. रोडवरून उतरलो की नाही."

त्याने सांगितलं ते असं. दिवस बुडाला होता, अंगणात कोणी नव्हतं, वीज गेलेली होती. दुर्गेश गावात मित्रांकडे गेला असावा. सायकल पाहावी म्हणून ओमेश गोठ्याकडे वळला, तर आत विस्तव दिसला. जमिनीवर निखारे होते आणि त्यांच्या उजेडात एक माणूस पाठमोरा बसला होता, डोक्यावरून पंचा घेतलेला.

"गुड्डू?"

"नाही सांगू शकत. झुकून बसला होता. आणि मॅडम…" ओमेशने अंगावरून हात फिरवला. "तो सायकलशी बोलत होता. एकदम धीरे. जसं कोणी माणसाशी बोलतं. मला फक्त एक शब्द समजला. उद्या. दोन-तीनदा म्हणाला. उद्या, उद्या. मी पळालो. मला वाटलं कोणी करणी करून राहिलं."

मनिराम दाराआडून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. तेलाची बाटली समजते त्याला, निखारे समजत नाहीत. करणीचं कलम कोणतं, हे तो मनातल्या मनात शोधत असावा.

मला मात्र करणीची भीती वाटली नाही. तो माणूस हळू आणि मायेने बोलत होता, आणि दुसऱ्या दिवशी जे झालं ते झालं. अंगावर काटा आला तो या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर.

४

रहांगडाल्यांच्या दाराला पळसाच्या फांद्या खोचलेल्या होत्या. पोळ्याला सगळ्यांच्याच दाराला असतात. बकाराम मुलाचे कपडे पोचवायला गाडीची सोय बघत गावात हिंडत होते. दुर्गेशची आई शकुंतलाबाई एकटीच चुलीपुढे बसली होती, आणि चूल पेटलेली नव्हती.

"त्याचं जाणं तुम्हाला पसंत होतं का?" मी आडवळण घेत नाही. त्याचा उपयोग नसतो, आणि वयही राहिलेलं नाही.

"नाई," ती म्हणाली. "नोहतं पसंत. तिकडं बरफ पडते म्हणे. त्या देशात मेला तं कोन आणंल माह्या लेकराले? मी रोज मातामायच्या देवळात म्हणत होती, याचं जाणं टळू दे." मग तिने माझा हात घट्ट धरला. "टळलं ना बाई. मीच मांगितलं होतं. पोलिसाले सांगा, मले धरून न्या."

तिच्या हातात जोर होता. क्षणभर मला खरंच शंका आली. माया माणसाला काय काय करायला लावते ते मी खात्यात पाहिलेलं आहे.

"त्या संध्याकाळी तुम्ही गोठ्यात गेल्या होत्या?"

"कायले जाऊ? मी पुरणाच्या तयारीत. त्यात लोणी गायब. दोन दिवसांचं जमवून ठेवलं होतं, अर्धं मांजरीनं खाल्लं." ती जरा थांबली. "गोठ्यात हाये काय आता? बैल गेले. दुर्गेशची पहिली शर्यतीची सायकल आली ना, तवाच विकली जोडी. यायनं हातानं दोर सोडला आन् मंग दोन दिवस जेवले नाई. ट्रॅक्टरवाला येते नांगराले. सारा गाव पोळ्याले बैल घेऊन जाते, आन् आमचे हे घरात बसून राह्यते."

मी उठले आणि गोठ्यात गेले.

दावणी रिकाम्या होत्या. एका दावणीपाशी सायकल उभी करायचा लोखंडी घोडा होता. त्याच्यासमोर जमिनीवर गोवरीची राख होती. राखेशेजारी पळसाची पानं पडली होती, चुरगळलेली, काठाला पिवळी. मी एक पान उचलून नाकाला लावलं. मग रुमालाची घडी उघडली. गुटक्याचा काळा डाग होता, आणि काळ्याच्या कडेने तोच पिवळा रंग पसरला होता. हळद.

माझ्या माहेरीही बैल होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्याला लोण्यात कालवलेली हळद लावायची, पळसाची पानं विस्तवावर गरम करून शेक द्यायचा, आणि बैलाच्या कानाशी जाऊन त्याला आवतण द्यायचं. आज आवतण घे, उद्या जेवायला ये.

ज्या माणसाने बैल विकून सायकल आणली, त्याने त्या संध्याकाळी सायकलचे खांदे शेकले होते. तिचा भार चाकावर जिथे येतो तिथे, मधोमध, चकतीपाशी, दोन्ही बाजूंनी, अगदी चोळून. गार लोणी गुटक्यात मुरून बसलं. सपाट रस्त्यावर ते कोणाला कळलं नाही. उतारावर ब्रेक दाबल्यावर चकती तापली, लोणी वितळलं, कढलं, आणि ब्रेकमध्ये धरण्यासारखं काही उरलं नाही.

मला उत्तर मिळालं होतं आणि ते मला नको होतं. त्यात आणखी एक गोष्ट टोचू लागली. तूप कढून राहिलं घरी.

तशीच मी नागपूरचा रस्ता धरला.

५

दुर्गेशचे डोळे छताला लागलेले होते. देखणा मुलगा, उन्हाने करपलेला, आणि पांढऱ्या चादरीत एकदम लहान दिसणारा.

"मला काही आठवत नाही," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला.

"तुला वास आठवतो," मी म्हणाले.

त्याचे डोळे छतावरून खाली, माझ्याकडे आले.

"वळणाच्या आधी ब्रेक दाबलास, आणि तुपाचा वास आला. हळदीचाही आला असेल. शेतकऱ्याच्या पोराला पोळ्याच्या सकाळी तो वास कशाचा, हे कोणी सांगावं लागत नाही. पडायच्या आधीच तुला कळलं होतं. गुड्डूला पाहून रडलास ते त्यामुळे."

त्याने डोळे मिटले. मग मिटलेल्या डोळ्यांतूनच पाणी आलं.

"बाई, हात जोडतो. बाबूजीले सांगू नका."

"गुड्डूचा ओठ फोडलाय त्यांनी. उद्या कोर्टात नेतील."

"तो सुटंल. पुरावा काय आहे त्याच्यावर? सहा महिने, साल लागंल, सुटून जाईल. मी वकील लावून देतो त्याले. जवान आहे तो." तो कोपरावर उठायला गेला आणि कळवळून पडला. "बाबूजी नाई सुटणार. त्यायले मालूम पडलं का आपल्या हातानं… ते विहिरीत जातील बाई. तुम्ही ओळखत नाई त्यायले. माझे पाय गेले. बापही जाऊ देऊ?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्याचीच मला जास्त चीड आली. खोटं असतं तर दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते. वर्षानुवर्षं दुसऱ्यासाठी वारा झेलणारा मुलगा, आणि एकदाच, फक्त एकदाच, त्याने दुसऱ्याला पुढे ढकललं होतं. तेही ज्याने जन्मभर त्याच्यापुढे राहून वारा कापला त्याला.

"मी तुझ्या बापाला शब्द दिलाय," मी म्हणाले. "सकाळी सांगणार. त्याच्या आधी तू ठाण्यात फोन कर. एवढंच सांग की गुड्डूने नाही केलं. बाकीचं मी बघते. पण ते तुझ्या तोंडून जाऊ दे."

मी त्याचा फोन त्याच्या हाताशी ठेवला. दारातून वळून पाहिलं, तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

६

सकाळी मी मनिरामला विचारलं. नागपूरहून फोन आला नव्हता.

बकाराम माझ्याच वाटेकडे डोळे लावून बसले होते. शकुंतलाबाईला मी जवळ बसवून घेतलं आणि सगळं सरळ सांगितलं. लोणी, पानं, चकती. दुर्गेशला काय कळलं होतं, ते तेवढं गिळलं. त्यांनी मला नाव विचारलं होतं. नाव मी दिलं.

ते ओरडले नाहीत. हाताचे पंजे उघडून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"बाई, मी बैलाले कधी काठी नाई लावली," ते म्हणाले. "ह्या सायकलनं माह्या पोराले देशोदेशी फिरवलं, म्हून म्हटलं… तिले बी तं कोनी शेकलं पायजे." शकुंतलाबाईने त्यांचे दोन्ही हात आपल्या पदरात घेतले आणि धरून ठेवले. ती रडत नव्हती, फक्त धरून होती. विहिरीचा विचार माझ्याही मनात आला होता, पण ते हात पाहून मला वाटलं, ही बाई ते सोडणार नाही.

मग बकाराम उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला. पोरगं आत बसलं आहे."

ठाण्यात त्यांनी स्वतः सांगितलं, मनिरामने लिहून घेतलं. अपघात. रुमाल, पानं आणि मुंग्या पाहून मनिरामने दोनदा घसा खाकरला. ओमेशचा जबाबही जोडला. गुड्डूला बाहेर आणलं तेव्हा बकाराम त्याच्या पायाशी वाकू लागले. त्याने त्यांना वाकू दिलं नाही, खांद्याला धरून वर उचललं.

"काका, तुमाले काय मालूम होतं? तुमी कायले पाया पडता?"

इतक्या सहज त्याने माफ करून टाकलं की मला वाटलं, संपलं. बाहेर पडलो. बकाराम पुढे जाऊन जीपवाल्याशी बोलू लागले. गुड्डू माझ्याशेजारी थांबला.

"बाई, एक सांगा. दुर्गेशले मालूम होतं का?"

खोटं बोलणं मला अवघड नाही. खात्यात चोरांशी पोटभर खोटं बोलले आहे. पण त्याच्या फुटलेल्या ओठाकडे पाहून माझ्याने ते होईना.

"हो," मी म्हणाले.

"कवापासून?"

"पडला तेव्हापासून."

त्याने मान हलवली, जशी एखाद्या बिघाडाचं कारण सापडल्यावर मिस्त्री हलवतो. पिशवी खांद्याला लावली.

"चल गा गुड्डू," बकारामांनी जीपजवळून हाक दिली. "नागपूरले जाऊ. तुले पाहून त्याले बरं वाटंल."

"तुमी जा काका," तो म्हणाला, आणि गावाच्या उलट्या दिशेने स्टेशनाकडे चालू लागला. बकाराम हाका मारत राहिले. तो वळला नाही. रुळांपलीकडे दिसेनासा झाला, तरी ते तिकडेच बघत होते. मग माझ्याजवळ आले.

"माहाच राग आला ना बाई त्याले?"

समोर एक म्हातारा बाप होता, आणि त्याच्याजवळ आता एक मुलगा सोडला तर काही उरलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "तुमचाच."